पाट्यावरून उठलेली बाई

माझी आई पाथरवटाची मुलगी. तिचे वडील, ताता क्रिसोफोरो, ज्वालामुखीच्या काळ्या दगडातून पाटे घडवायचे. तीन पायांचा, पुढे उतरता पाटा आणि दोन्ही हातांनी धरायचा लांबट वरवंटा. "डोंगर दोन गोयोचा, दगड दोन गोयोचा, घाम तेवढा माझा," असं ते म्हणायचे. दोन गोयो म्हणजे आमच्या उशाशी धुमसणारा ज्वालामुखी; मानानं पुरुषाला 'दोन' आणि बाईला 'दोन्या' म्हणायचं, ही इथली रीत. आमच्या सान अन्सेल्मो गावात त्याला एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखं नावानंच बोलावतात. आठवड्याला दोन पाटे तयार झाले की ताता ते पाठीवर घ्यायचे, पट्टा कपाळाला लावायचे आणि चोलुलाच्या बाजारापर्यंत चालत जायचे. परतताना मीठ, मेणबत्त्या आणि लेकीसाठी एक गोड पाव.

आईचं नाव एर्मेलिंदा. लहानपणी ती तातांच्या शेजारी बसून दगडाच्या कपच्या झाडून काढायची. दगड कुठे पोकळ आहे, कुठे टणक आहे, हे तिला घावाच्या आवाजावरून कळायला लागलं. एकदा ताता पाट्याचा तिसरा पाय घडवत होते. ती म्हणाली, "ताता, थांबा, आता फुटेल." तातांनी ऐकलं नाही आणि पाय फुटला. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच तो फोडला. पण छिन्नी काही तिच्या हातात दिली नाही.

"बायकांनी दगडावर वाटायचं," ते म्हणाले. "दगड घडवायचा नाही."

वाटायला मात्र ती सातव्या वर्षीच बसली. मका आदल्या संध्याकाळी चुन्याच्या पाण्यात उकडून ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि गुडघे टेकून वाटायचा. एकदा भरड, दुसऱ्यांदा बारीक, तिसऱ्यांदा लोण्यासारखा. मग त्याच्या तोर्तिया थापायच्या आणि मातीच्या तव्यावर टाकायच्या. घरात सहा तोंडं असली तर बाईचे सकाळचे चार तास त्यातच जायचे, दुपारी पुन्हा दीड-दोन. शिळी तोर्तिया खाणारा नवरा म्हणजे बिचारा आणि त्याची बायको म्हणजे आळशी, हा गावाचा कायदा होता.

आई अठराव्या वर्षी सिल्वेस्त्रेच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी आली. तातांनी लग्नात आपल्या हातचा सगळ्यात चांगला पाटा दिला, कडेला डाळिंबाची फुलं कोरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू, दोन्या निकानोरा, ठेंगणं स्टूल घेऊन तिच्यासमोर बसली. पिठाचा गोळा दोन बोटांत चोळून पाहिला.

"भरड आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "भरड आहे."

चौथ्या दिवशी तिनं गोळा चोळला, वास घेतला आणि उठता उठता म्हणाली, "चालेल."

आई अजून सांगते की लग्नात पाद्रीपासून सगळ्यांनी आशीर्वाद दिले, पण खरं लग्न लागलं ते त्या 'चालेल'नं.

दोन वर्षांनी गावात गिरणी आली. दोन आबुंदियोनं चौकाच्या कोपऱ्यावर पत्र्याची खोली बांधली, आत तेलावर चालणारं इंजिन बसवलं. एक चामड्याचा पट्टा, वर मका ओतायचं पत्र्याचं नरसाळं आणि आत एकमेकांना घासणाऱ्या दोन गोल दगडी चकत्या. इंजिन सुरू झालं की धुराड्यातून ठप, ठप, ठप असा आवाज यायचा आणि चर्चच्या ओट्यावरची कबुतरं उडायची. बादलीभर मका बादलीभर पीठ होऊन बाहेर यायला तीन मिनिटं लागायची. रांग धरून पाव तास.

गावात दोन तट पडले. एक तट बायकांचा, दुसरा पुरुषांचा. पुरुष म्हणायचे, त्या पिठाला लोखंडाची चव येते, तेलाचा वास येतो. कुणी म्हणालं, अशा तोर्तिया खाल्ल्या की पोटात घट्ट गोळा होतो. एकानं तर सांगितलं की पलीकडच्या गावात गिरणी आल्यापासून मुलगेच जन्माला येत नाहीत. खरी भीती वेगळी होती आणि ती माझ्या वडिलांनी जेवता जेवता बोलून दाखवली.

"बाईला सकाळी चार तास मोकळे मिळाले तर ती करणार काय?"

"काय करणार?" आईनं विचारलं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. त्यांनाही पुढचं माहीत नव्हतं.

माझी आजी निकानोरा या एका बाबतीत पुरुषांच्या बाजूची होती. "या घरात इंजिनाचं उष्टं कुणी खायचं नाही," असं तिनं जाहीर करून टाकलं. आणि ताता? ते गिरणीसमोरून जाताना रस्ता बदलायचे. वर्षाला शंभरेक पाटे विकणाऱ्या माणसाला आपलं भविष्य कुठल्या खोलीत ठपठपतंय हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच वर्षी आईला दिवस गेले. तो गर्भ म्हणजे मी, ओफेलिया. आठव्या महिन्यात पोट पाट्याला अडायला लागलं. आई तिरकी बसून वाटायची, मग कंबर धरायची. एक दिवस शेजारची कुका कुंपणावरून म्हणाली, "अगं ए, बादली दे इकडे. माझ्याबरोबर तुझंही दळून आणते. कुणाला कळणार आहे?"

"सासूबाईंना."

"ती म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकायला जाते तेव्हा दे ना!"

आईनं बादली दिली. पीठ आलं. मग ती पाट्यावर बसली आणि ते दळलेलंच पीठ एकदा हलक्या हातानं वरवंट्याखालून फिरवलं, म्हणजे दगडाचा आवाज घरात जाईल. असं आठवडाभर चाललं. वडिलांनी तोर्तियात काळा घेवडा आणि हिरवी मिरची गुंडाळली, खाल्ली आणि समाधानानं म्हणाले, "बघ, याला म्हणतात चव. त्या यंत्राच्या पिठात ही येणार आहे का?"

आठव्या दिवशी आई पाट्यावर बसलेली असताना मागून आवाज आला.

"लवकर उरकतेस हल्ली."

दोन्या निकानोरा दारात उभी होती, हातात दाण्यांची रिकामी टोपली. आईचे हात थांबले.

"थांबू नकोस, वाट," आजी म्हणाली. "तीस वर्षं मी हा आवाज ऐकतेय. पहिल्या वाटणाचा आवाज कसा, दुसऱ्याचा कसा, मला झोपेतही कळतं. आठ दिवस या घरात फक्त तिसऱ्या वाटणाचा आवाज येतोय. पहिली दोन कुठे गेली?"

आईनं खरं सांगून टाकलं. आजी स्टूल ओढून बसली. पीठ दोन बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं.

"किती वेळ लागतो म्हणालीस?"

"पाव तास. रांग असली तर."

"पाव तास," आजी म्हणाली. आईला वाटलं, आता घराबाहेर काढणार. पण म्हातारीनं आपले दोन्ही तळहात उताणे करून मांडीवर ठेवले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "सिल्वेस्त्रेला सांगू नकोस. पुरुषाची चव जिभेवर नसते, कानात असते. त्याला दगड ऐकू आला की झालं."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. आई बादली घेऊन मागच्या वाटेनं गिरणीवर जायची आणि आजी रिकाम्या पाट्यावर वरवंटा फिरवत बसायची. वडिलांना जाग यायची ती त्या आवाजानं. कधीकधी म्हातारी आवाजात भर घालायला मुद्दाम धापाही टाकायची. मी जन्मले तेव्हाही हे चालूच होतं. माझ्या बारशाला, म्हणजे पाद्रीनं डोक्यावर पाणी घातलं त्या दिवशी, पाहुण्यांसाठी मोलेच्या झणझणीत रश्शाबरोबर दोनशे तोर्तिया झाल्या, त्या सगळ्या इंजिनाच्या पिठाच्या. वडिलांनी भर अंगणात पुल्केचा, म्हणजे आमच्याकडच्या ताडीचा, पेला उंचावून सांगितलं, "माझ्या घरात दगडाचंच चालतं!" आजीला एवढं हसू आलं की तिला कोंबड्यांच्या खुराड्याकडे जावं लागलं.

गिरणी चालवायला एलेउतेरियो नावाचा माणूस होता, त्यानंच शेवटी भांडं फोडलं. वडील एकदा चौकात असंच फुशारकी मारत होते. तो म्हणाला, "सिल्वेस्त्रे, निळी बादली तुझ्याच घरची ना? कडेला टवका उडालेली? रोज तिसरा नंबर असतो."

वडील घरी आले. आईशी बोलले नाहीत, आजीशी बोलले नाहीत, मी पाळण्यात होते म्हणून बहुतेक माझ्याशीही बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्याहारीला चौदा तोर्तिया खाल्ल्या. आई मोजत होती. पंधराव्याला त्यांनी विचारलं, "आणि तो आवाज?"

"तो मी काढत होते," आजी म्हणाली. "तुला झोपेतून उठवायला काहीतरी हवंच की."

एवढ्यावर तो विषय मिटला. पण तातांचा मिटला नव्हता. घडवलेले पाटे अंगणात रांगेनं उभे राहिले होते आणि त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या. बाजारातून येताना त्यांची पाठ रिकामी नसायची. दोन नेले की एक परत यायचा. आई भेटायला गेली की ते म्हणायचे, "ये गिरणीवाले! तुझ्या इंजिनानं आज काय खाल्लं? मला खाल्लं का?"

पण इंजिनाचंही सगळं नीट चाललेलं नव्हतं. गिरणीच्या चकत्या त्याच काळ्या दगडाच्या. चार-पाच दिवसांत त्या घासून गुळगुळीत होतात, मग त्यांना टाकी लावावी लागते, खाचा पुन्हा जिवंत कराव्या लागतात. एलेउतेरियोला ते जमत नव्हतं. तो लोखंड ठोकल्यासारखा दगड ठोकायचा. पीठ कधी भरड यायचं, कधी कोमट होऊन चिकट यायचं आणि दाताखाली खडे यायचे. बायका रांगेत शिव्या द्यायच्या. आई मात्र कान देऊन ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, "दोन एलेउतेरियो, डावीकडची चकती मुकी झालीय."

"काय झालीय?"

"मुकी. बोलत नाही. एकटी उजवीच बोलतेय."

तो हसला. पण इंजिन थांबवून त्यानं चकत्या उघडल्या तर डावी काचेसारखी झाली होती.

आई तशीच तातांकडे गेली. "ताता, दोन आबुंदियोला टाकी लावणारा माणूस हवाय. तुमच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही."

ताता काम करता करताच म्हणाले, "मी बायकांच्या हाताला दगड देतो. इंजिनाच्या तोंडाला नाही."

"बायकांचेच हात आहेत तिथं. साठ बादल्या लागतात रोज."

"नाही म्हणालो ना."

"मग मला शिकवा."

तातांनी मान वर केली. मी तेव्हा आईच्या पाठीवर रेबोसोत, म्हणजे लांब शालीत, बांधलेली होते, दीड वर्षाची. "पोर पाठीवर घेऊन छिन्नी मारणार?" ते म्हणाले. "लोक मला हसतील की तुला?"

आई त्यांच्या समोरच्या चटईवर बसली. पाय फुटलेला, वाया गेलेला एक पाटा ओढला, त्यांची जुनी टाकी उचलली आणि मारायला सुरुवात केली. तासभर बाप-लेक आपापला दगड ठोकत बसले. टाकी चारदा निसटली, दोनदा अंगठ्यावर बसली. आईनं अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी ताता आपल्या दगडाकडेच बघत म्हणाले, "मनगट नको. कोपर."

तीन महिने ती रोज दुपारी जायची. सकाळचे ते जे चार तास मोकळे झाले होते ना, ते घरातलं उरकण्यात गेले आणि दुपार टाकी शिकण्यात. बाई मोकळ्या वेळात करणार काय, या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं. पुढच्या वर्षी चकत्यांना टाकी लावायला दोन आबुंदियो आईला बोलवायला लागला. पीठ लोण्यासारखं यायला लागलं.

मग एक दिवस एलेउतेरियो आणि माझे वडील दोघंही कंत्राटावर उत्तरेला गेले, सीमेपलीकडे टोमॅटो तोडायला. गावातले निम्मे पुरुष त्या वर्षी गेले. गिरणी चालवायला कुणी उरलं नाही. दोन आबुंदियो आईकडे आला, टोपी हातात घेऊन. "आठवडाभर बघ," म्हणाला. "मी माणूस शोधतो."

"शोधा सावकाश," आई म्हणाली.

जे पुरुष गावात उरले होते त्यांना विषय मिळाला. गिरणीच्या समोरच्या ओट्यावर बसून ते ओरडायचे, "ए एर्मेलिंदा, पट्टा जोराचा आहे, बघ हं, रेबोसो अडकेल!" दुसरा म्हणायचा, "इंजिनाला नवरा समजू नकोस, तो परत येणारेय!" आई रेबोसो कंबरेला घट्ट खोचायची, चाकाचा दांडा दोन्ही हातांनी फिरवायची आणि इंजिन ठपठपायला लागलं की हात कानाला लावून म्हणायची, "काय म्हणालात? ऐकू येत नाही!" ते पुढे गावात म्हणच झालं. नको ते कुणी बोललं की बायका म्हणतात, 'इंजिन चालू आहे.'

दोन महिन्यांनी ताता आले. पहिल्यांदाच. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. "उघड," म्हणाले. आईनं इंजिन थांबवलं, चकत्या उघडल्या. तातांनी खालच्या चकतीवर तळहात ठेवला, डोळे मिटून मधून कडेपर्यंत फिरवला, जसा घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"हा भाग उथळ ठेवलास."

"घाई होती, ताता."

"दगडाला घाई नसते." त्यांनी कमरेची टाकी काढली आणि बसले. साठ बायका बादल्या घेऊन अर्धा तास उभ्या राहिल्या आणि एकही कुरकुरली नाही. उठताना त्यांनी आईला विचारलं, "पाट्यावर बसायला किती वेळ लागतो आता तुला?"

"बसतच नाही, ताता. फक्त मिरची वाटायला."

त्यांनी मान हलवली. दुःखानं हलवली की कशानं, आई सांगू शकत नाही. पण त्यानंतर दर शनिवारी ते यायचे. मोठे पाटे घडवायचं त्यांनी हळूहळू सोडलं आणि मिरची वाटायचे छोटे खल करायला लागले. ते शेवटपर्यंत विकले गेले. दोन आबुंदियोला माणूस काही मिळाला नाही, किंवा त्यानं शोधलाच नाही. दोन वर्षांनी वडील परत आले ते एक रेडिओ आणि कातडी जाकीट घेऊन. सकाळी बायको घरी नाही म्हणून चौकात आले, तर ती ग्रीसनं माखलेल्या हातांनी पट्टा चढवत होती. सगळा ओटा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ते थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले आणि म्हणाले, "कुठून धरू?"

मी या सगळ्यात वाढले. माझ्याआधीच्या मुलींना सकाळी आईच्या शेजारी छोट्या पाट्यावर बसवत, म्हणून त्यांची शाळा दुसरीत संपायची. माझ्या वेळेला पाट्यावर बसवायला कुणी नव्हतंच. मी सहावी पास झालेली आमच्या घरातली पहिली मुलगी. माझी हुशारी त्यात थोडीच होती, सकाळ माझ्या हातात होती, एवढंच. आजी निकानोराला मात्र काळजी लागली होती. मी पंधरा वर्षांची झाले तरी मला वाटता येत नव्हतं.

"हिच्याशी लग्न कोण करणार?" ती आईला विचारायची.

"ज्याला दात आहेत तो," आई म्हणायची. "भरड चावून खाईल."

मी पुएब्ला शहरात शिकून मास्तरीण झाले, गावातच नेमणूक मिळाली. मग वीज आली, इंजिन जाऊन मोटर आली, ठपठप बंद झाली आणि पहिले पंधरा दिवस गावातल्या म्हाताऱ्यांना वेळेवर जागच येईना. दोन आबुंदियो थकला तशी आईनं गिरणी त्याच्याकडून आपल्या नावावर करून घेतली. कागदावर तिनं सही केली, अंगठा नाही. सही मी शिकवली होती. पहिल्या अक्षराला ती अजून जरा जास्तच जोर देते, दगडावर कोरल्यासारखा.

आजी निकानोरा गेली तेव्हा नव्वदीला टेकली होती. शेवटच्या महिन्यात तिचं खाणं सुटलं. आईला वाटलं, म्हातारीला जुनी चव द्यावी. डाळिंबाच्या फुलांचा पाटा तिनं बाहेर काढून धुतला, पसाभर मका घेतला आणि कितीतरी वर्षांनी गुडघे टेकून तिन्ही वाटणं केली. घाम पुसत गरम तोर्तिया मीठ लावून नेली. आजीनं घास चघळला, बराच वेळ चघळला आणि विचारलं, "आज गिरणी बंद होती का गं?"

आई खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून हसत बसली. मग रडली. मग गिरणीवर जाऊन ओंजळभर पीठ आणलं आणि दुसरी तोर्तिया केली. ती आजीनं अर्धी खाल्ली. तेवढं तिनं त्या आठवड्यात एकदाही खाल्लं नव्हतं.

आता माझ्या मुलीचं, युरिदियाचं. ती पुएब्लाला राहते आणि जुनी हाडं साफ करते. म्हणजे जमिनीतून निघालेल्या, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं ब्रशनं झाडून, नंबर घालून पेटीत ठेवायची, हे तिचं काम. तिच्या घरी तोर्तिया कागदात गुंडाळून किलोवर येतात, फ्रिजमध्ये राहतात, चार दिवसांनीही खाल्ल्या जातात. आईनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "तिच्या सासूला सांगू नकोस हं."

"आई, सासू पण हेच खाते."

"असं होय," आई म्हणाली आणि दोन वाढून घेतल्या.

गेल्या नोव्हेंबरात मेलेल्यांच्या सणाला युरिदिया गावी आली. वेदीवर तातांसाठी पुल्के ठेवलं होतं, आजी निकानोरासाठी तोर्तिया, गिरणीच्या. दुपारी आम्ही तिघी अंगणात उन्हाला बसलो होतो. आईचं वय एकोणनव्वद. ती पायातलं काढून ऊन खात होती. युरिदिया एकदम पुढे वाकली.

"आजी, अंगठा दाखव. पायाचा."

"का? धुतलेत मी."

"दाखव गं." तिनं आईचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याचा सांधा चाचपला. तिचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "आई, हे बघ. हा सांधा मागे वळून रुंद झालाय. आमच्याकडे पेटीत एक बाई आहे, बाराशे वर्षांपूर्वीची. हुबेहूब असाच. गुडघ्यावर बसून, बोटं मागे दुमडून, रोज तासन् तास वाटल्यावरच होतो हा. आम्ही हाडावरून ओळखतो, ही बाई वाटणारी होती."

"कुठली होती ती?" आईनं विचारलं.

"इकडचीच. चोलुलाच्या जवळची."

"नाव काय?"

"नाव कुठलं, आजी. नंबर आहे."

आईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. नंतर मला पाय पुढे करायला लावलं. माझा अंगठा सरळ, फक्त शाळेच्या बुटांनी जरा दबलेला. युरिदियाचा तर कोऱ्या कागदासारखा, वर लाल रंग लावलेला. तीन पाय शेजारी शेजारी अंगणाच्या फरशीवर ठेवले आणि आम्ही बघत बसलो.

"माझा फार वाकडा नाही झाला," आई शेवटी म्हणाली. "सासूबाईंचा बघायला हवा होतास. पाटा सुटला तेव्हा मी विशीतच होते." मग तिला त्या पेटीतल्या बाईची आठवण झाली असावी. "बिचारी. तिला कुणी शेजारीण नव्हती का बादली न्यायला?"

युरिदिया हसली, आजीचा पाय मांडीवर तसाच धरून. आई तिच्या नखांकडे बघत होती.

"हा रंग दगडाच्या धुळीत टिकतो का गं?"

"टिकतो की. लावू?"

"लाव. पण नीट लाव, कडेला फासू नकोस. मनगट नको, कोपरातून."

युरिदियानं दहाही बोटं रंगवली. आईनं ती वाळेपर्यंत हलवली नाहीत, मला दोनदा पाणी आणायला लावलं. सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी गिरणीवर गेली, उघड्या चपला घालून. आता मोटर कुकाची नात चालवते. आई खुर्चीवर बसून फक्त ऐकते आणि चकती मुकी झाली की हात वर करते. त्या दिवशी रांगेत बारा-पंधरा बादल्या होत्या. पहिल्याच बाईचं लक्ष गेलं.

"दोन्या एर्मेलिंदा, हे काय, या वयात?"

आईनं दोन्ही पाय जरा पुढे सरकवले, म्हणजे मागच्यांनाही दिसतील.

"इंजिन चालू आहे," ती म्हणाली. "पुढची बादली."